रॉ नँडवर यूबीआयएफएस बसवताना: चिप ओळखण्यापासून वीज तोडून बघण्यापर्यंत

रॉ नँड फ्लॅशवर फाइल सिस्टिम बसवायला लागणाऱ्या कमांड हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. कुणाच्याही जुन्या स्क्रिप्टमधून त्या उचलता येतात, आणि नवखा माणूस नेमकं तेच करतो. मग एका बोर्डवर सगळं सुरळीत चालतं आणि दुसऱ्यावर कर्नल पॅनिक होतो. कमांड त्याच असतात, पण त्यांना द्यायचे आकडे प्रत्येक चिपचे आणि प्रत्येक कंट्रोलरचे वेगळे असतात. ते आकडे दुसऱ्याच्या स्क्रिप्टमधून न घेता आपल्याच बोर्डला विचारायचे, हा या लेखाचा सगळा भर आहे.

एक सूचना: कमांड, ऑप्शन आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करा.

आधी खात्री करा की हे रॉ नँडच आहे

ईएमएमसी, एसडी कार्ड, यूएसबी स्टिक या सगळ्यांच्या पोटात नँडच असतं. पण तिथे एक छोटा कंट्रोलर मध्ये बसलेला असतो आणि तो आपल्याला साध्या डिस्कसारखं चित्र दाखवतो. बोर्डवर 'एमएमसीबीएलके०' असं डिव्हाइस दिसत असेल, तर सरळ ईएक्सटी४ किंवा एफ२एफएस वापरा. हा लेख तुमच्या कामाचा नाही.

रॉ नँडमध्ये असा मध्यस्थ नसतो. चिप समांतर बसवर असो की एसपीआयवर, ती लिनक्सला एमटीडी, म्हणजे कच्च्या फ्लॅशसाठीच्या थरातलं डिव्हाइस म्हणून दिसते. '/प्रॉक/एमटीडी' ही फाइल कॅट करून बघा. पार्टिशनांची यादी आली तर ड्रायव्हर चालू आहे. नुसतीच शीर्षकाची ओळ आली, तर कर्नलमध्ये कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही किंवा डिव्हाइस ट्रीमधला (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन कर्नलला देणाऱ्या फाइलीतला) नोड बंद आहे. हे सुटेपर्यंत पुढे जाऊ नका.

नँडचा स्वभाव थोडक्यात असा. लिहिणं पेजमध्ये होतं, पुसणं ब्लॉकमध्ये होतं. पुसल्यावर सगळे बिट १ होतात आणि लिहिताना त्यातले काही ० करता येतात. ० चा पुन्हा १ करायचा तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. एसएलसी (एका सेलमध्ये एकच बिट ठेवणाऱ्या) चिपचा ब्लॉक साधारण लाखभर वेळा पुसता येतो, एमएलसीचा (एका सेलमध्ये दोन बिट) काही हजार वेळाच. काही ब्लॉक कारखान्यातूनच खराब येतात आणि काही वापरात खराब होतात. शिवाय एका पेजचं नुसतं वाचन वारंवार झालं तरी शेजारच्या पेजमधले बिट अधूनमधून उलटतात.

आता '/डेव्ह/एमटीडीब्लॉक२' वर ईएक्सटी४ का टाकायचं नाही, ते लक्षात येईल. एमटीडीब्लॉक हा थर एखादा सेक्टर बदलायला अख्खा ब्लॉक मेमरीत घेतो, फ्लॅशवरचा पुसतो आणि परत लिहितो. मध्येच वीज गेली तर तो ब्लॉक गेला. खराब ब्लॉक टाळणं किंवा झीज सगळीकडे सारखी पसरवणं त्याला ठाऊकच नाही. या दोन्ही गोष्टी यूबीआय हा एमटीडीवरचा थर करतो, आणि यूबीआयएफएस ही फाइल सिस्टिम त्याच्या डोक्यावर बसते. यूबीआयएफएस नोकिया आणि सेगेड विद्यापीठाने मिळून घडवली. २००८ मध्ये २.६.२७ या आवृत्तीपासून ती लिनक्स कर्नलमध्ये आहे. त्याआधीची जेएफएफएस२ लहान नॉर फ्लॅशवर आजही चालून जाते, पण माउंट करताना ती पूर्ण फ्लॅश चाळते. त्यामुळे मोठ्या नँडवर तिची वाट बघत बसावं लागतं.

चिप एमएलसी असेल तर हार्डवेअरवाल्यांशी आत्ताच बोला. हल्लीच्या कर्नलमध्ये यूबीआय एमएलसी नँड थेट जोडून घेत नाही, आणि तो हट्ट योग्यच आहे. एमएलसीत एक पेज लिहिताना वीज गेली तर आधी नीट लिहिलेलं जोडीदार पेजही बिघडू शकतं.

बोर्ड हातात नसेल तर

कर्नलमध्ये नँडसिम नावाचं मॉड्यूल आहे. ते मेमरीत खोटी नँड चिप उभी करतं. मॉडप्रोब करताना फर्स्ट_आयडी_बाइट ते फोर्थ_आयडी_बाइट या चार पॅरामीटरना अनुक्रमे ०एक्सईसी, ०एक्सए१, ०एक्स०० आणि ०एक्स१५ दिले, की २०४८ बाइटच्या पेजची १२८ एमआयबी चिप मिळते. खाली जे काही हाताने करायचं आहे ते आधी या खोट्या चिपवर दोन-तीनदा करून बघा. चिप जाळल्याचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही.

पहिली पायरी: आकडे विचारा

एमटीडी-यूटिल्स हे पॅकेज बोर्डवर टाका आणि ही कमांड द्या:

एमटीडीइन्फो -यू /डेव्ह/एमटीडी२

उदाहरणासाठी १२८ एमआयबीची एसएलसी चिप धरू. इरेजब्लॉक १३१०७२ बाइट, म्हणजे १२८ केआयबी. किमान लेखनाचं एकक, म्हणजे पेज, २०४८ बाइट. ओओबी, म्हणजे प्रत्येक पेजला जोडलेली जादा जागा, ६४ बाइट. एकूण ब्लॉक १०२४. आणि एक आकडा ज्याच्याकडे कुणी बघत नाही: सब-पेज, म्हणजे पेजचा वेगळा लिहिता येणारा तुकडा.

सगळी गंमत या सब-पेजमध्ये आहे, म्हणून इथे जरा थांबू. यूबीआय प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला स्वतःची दोन हेडरं लिहितो. पहिल्यात तो ब्लॉक किती वेळा पुसला गेला ते असतं. दुसऱ्यात (व्हीआयडी हेडर) तो कुठल्या व्हॉल्यूमचा, म्हणजे यूबीआयच्या आतल्या भागाचा, कितवा ब्लॉक आहे ते असतं. दोन्ही वेगवेगळ्या वेळी लिहिली जातात, म्हणून त्यांना वेगवेगळी लेखन-एककं लागतात. कंट्रोलरला ५१२ बाइटचं सब-पेज लिहिता येत असेल, तर दोन्ही हेडरं पहिल्याच पेजमध्ये मावतात. पहिलं ० वर, दुसरं ५१२ वर, आणि डेटा २०४८ पासून. मग वापरायला उरतात १३१०७२ वजा २०४८, म्हणजे १२९०२४ बाइट. सब-पेज लिहिता येत नसेल, तर दुसरं हेडर २०४८ वर जातं, डेटा ४०९६ पासून सुरू होतो आणि उरतात १२६९७६ बाइट.

चिप एकच, पण कंट्रोलर किंवा त्याचा ड्रायव्हर बदलला की हा आकडा बदलतो. चिपच्या डेटाशीटमध्ये सब-पेजची सोय लिहिलेली असते आणि ड्रायव्हर मात्र ती बंद ठेवतो, हे सर्रास घडतं. म्हणून इथे डेटाशीटचं ऐकू नका, एमटीडीइन्फो काय म्हणतं ते ऐका. १२९०२४ की १२६९७६, हे बोर्डच्या कागदपत्रांत ठळक लिहून ठेवा. पुढची सगळी इमारत त्यावर उभी आहे. या लेखात आपण सब-पेज नाही असं धरून १२६९७६ घेऊ.

दुसरी पायरी: ईसीसीवर सगळ्यांचं एकमत करा

उलटलेले बिट दुरुस्त करण्यासाठी प्रत्येक पेजसोबत ओओबीमध्ये ईसीसीचे बाइट लिहिले जातात. लिहिणारा आणि वाचणारा यांची पद्धत एकच हवी. पण एका बोर्डवर लिहिणारे-वाचणारे किती असतात बघा: प्रोसेसरचा बूट रॉम, यू-बूट हा बूटलोडर, लिनक्स आणि कारखान्यातला प्रोग्रामर (चिपवर इमेज लिहिणारं यंत्र). यातला एक जरी वेगळं बोलू लागला तर वाचताना 'ईसीसी दुरुस्त होत नाही' अशा ओळींचा पाऊस पडतो आणि माणूस चिपलाच दोष देत बसतो.

किती ताकदीचं ईसीसी लागतं ते चिपच्या डेटाशीटमध्ये असतं: बहुधा दर ५१२ बाइटमागे १, ४ किंवा ८ बिट. त्यापेक्षा कमी ठेवू नका. जास्त ठेवायचं तर ओओबीत जागा आहे का ते मोजा. ८ बिटांच्या बीसीएच या ईसीसी पद्धतीला दर ५१२ बाइटमागे १३ बाइट लागतात. २०४८ च्या पेजला असे चार तुकडे, म्हणजे ५२ बाइट. खराब ब्लॉकच्या खुणेचे २ धरून ५४ होतात आणि ६४ मध्ये आरामात बसतात. १६ बिटांचा हव्यास धरला तर बसत नाहीत.

लिनक्सच्या बाजूने डिव्हाइस ट्रीमध्ये 'नँड-ईसीसी-स्ट्रेंग्थ' ८ आणि 'नँड-ईसीसी-स्टेप-साइज' ५१२ असं लिहा. यू-बूटमध्येही हेच आहे का ते तपासा. मग कसोटी सोपी आहे: यू-बूटमधून एखाद्या मोकळ्या ब्लॉकवर ओळखीचा मजकूर लिहा, लिनक्समधून नँडडंपने वाचा, आणि मग उलट करा. दोन्हीकडून चूक न येता मजकूर आला की ही पायरी झाली.

आणि एक धोक्याची सूचना. ईसीसीचा घोळ असला की कधीकधी शेकडो ब्लॉक एकदम 'खराब' दिसू लागतात. अशा वेळी यू-बूटची 'नँड स्क्रब' कमांड चालवण्याचा मोह होतो. ती कारखान्याने केलेल्या खऱ्या खुणाही पुसून टाकते, आणि त्या परत कुठूनही मिळत नाहीत. नवी चिप हातात आल्या आल्या 'नँड बॅड' ची यादी काढून जपून ठेवा. आधी ईसीसी दुरुस्त करा. यादी बहुतेक वेळा आपोआप ताळ्यावर येते.

तिसरी पायरी: पार्टिशन

इथे मी आडमुठेपणाने एकच सल्ला देतो: पार्टिशनं कमीत कमी ठेवा. बूटलोडर आणि त्याच्या प्रती यांना ७ एमआयबी, यू-बूटच्या एन्व्हायर्नमेंटला (त्याच्या सेटिंग्जना) १ एमआयबी, आणि उरलेले १२० एमआयबी एकाच पार्टिशनमध्ये यूबीआयला. कर्नल, रूटएफएस (मूळ फाइल सिस्टिम), डेटा असं जे काही वेगळं हवं ते यूबीआयच्या आत व्हॉल्यूम म्हणून करा. कारण यूबीआय झीज पसरवतो ती स्वतःच्या पार्टिशनपुरतीच. डेटासाठी वेगळं छोटं एमटीडी पार्टिशन केलं, तर तेवढेच ब्लॉक रात्रंदिवस झिजतील आणि रूटएफएसचे ब्लॉक कोरे करकरीत राहतील.

पार्टिशनचे आकडे यू-बूटमध्ये आणि डिव्हाइस ट्रीमध्ये, असे दोन ठिकाणी लिहिले जातात. दोन्ही तंतोतंत जुळवा. प्रत्येक सीमा १२८ केआयबीच्या पटीत हवी.

चौथी पायरी: इमेज बनवण्याआधी हाताने करून बघा

कर्नलमध्ये यूबीआय आणि यूबीआयएफएस दोन्ही चालू करा. रूट त्यावरच ठेवायची असेल तर मॉड्यूल म्हणून नाही, आतच. तूर्त बोर्ड नेटवर्कवरून किंवा रॅमडिस्कवरून बूट करा आणि क्रमाने या कमांड द्या:

यूबीआयफॉरमॅट /डेव्ह/एमटीडी२
यूबीआयअटॅच -पी /डेव्ह/एमटीडी२
यूबीआयएमकेव्हॉल /डेव्ह/यूबीआय० -एन चाचणी -एम
माउंट -टी यूबीआयएफएस यूबीआय०:चाचणी /एमएनटी

यूबीआयएमकेव्हॉलला दिलेल्या '-एम' ने सगळी शिल्लक जागा त्या व्हॉल्यूमला मिळते. मध्ये कुठेही एमकेएफएस नाही, ते विसरलेलं नाही. कोरी व्हॉल्यूम माउंट केली की यूबीआयएफएस स्वतःच तिच्यावर फाइल सिस्टिम उभी करते.

अटॅच झाल्यावर डीमेसेज (कर्नलचे संदेश) वाचा. पीईबी १३१०७२, एलईबी १२६९७६, दुसऱ्या हेडरची जागा २०४८, डेटा ४०९६ पासून, चांगले ब्लॉक ९५८, खराब २, असं काहीसं दिसेल. पीईबी म्हणजे फ्लॅशवरचा खरा ब्लॉक, आणि एलईबी म्हणजे हेडरं वजा जाता वापरायला मिळणारा.

आता जागेचा हिशेब. १२० एमआयबी म्हणजे ९६० ब्लॉक. पुढे खराब होणाऱ्या ब्लॉकांसाठी यूबीआय चिपच्या दर १०२४ ब्लॉकांमागे २० राखून ठेवतो. पार्टिशन लहान असलं तरी हिशेब पूर्ण चिपचा होतो. २ आधीच खराब आहेत म्हणून १८ राखीव. व्हॉल्यूमच्या तक्त्याला २, झीज पसरवायला १, आणि एखादा ब्लॉक अखंडपणे बदलायला १. उरले ९३६. गुणिले १२६९७६ केलं की साधारण ११३ एमआयबी होतात. 'आमचे ७ एमआयबी कुठे गेले' हा प्रश्न वरिष्ठांकडून येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. फास्टमॅप (अटॅच लवकर व्हावं म्हणून यूबीआय ठेवतो ती नोंद) चालू केला तर आणखी थोडी जागा जाते.

पाचवी पायरी: इमेज

इमेज दोन टप्प्यांत बनते, आणि नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पहिला टप्पा फाइल सिस्टिमचा:

एमकेएफएस.यूबीआयएफएस -आर रूटएफएस/ -एम २०४८ -ई १२६९७६ -सी ६०० -एफ -ओ रूटएफएस.यूबीआयएफएस

यातला '-एम' म्हणजे पेज आणि '-ई' म्हणजे एलईबी. '-सी' म्हणजे ही फाइल सिस्टिम जास्तीत जास्त किती एलईबींपर्यंत वाढू शकेल ती मर्यादा. आपली व्हॉल्यूम ६० एमआयबीची, म्हणजे ४९६ एलईबींची आहे. ६०० दिले म्हणजे पुढे व्हॉल्यूम मोठी करायला वाव राहतो. हा '-एफ' मोठ्या लिपीतला आहे. त्याचं कारण थोडं पुढे.

दुसरा टप्पा यूबीआयची हेडरं चढवण्याचा. त्यासाठी एक छोटी कॉन्फिग फाइल लागते:

[रूटएफएस]
मोड=यूबीआय
इमेज=रूटएफएस.यूबीआयएफएस
व्हॉल_आयडी=०
व्हॉल_टाइप=डायनॅमिक
व्हॉल_नेम=रूटएफएस
व्हॉल_साइज=६०एमआयबी

[डेटा]
मोड=यूबीआय
व्हॉल_आयडी=१
व्हॉल_टाइप=डायनॅमिक
व्हॉल_नेम=डेटा
व्हॉल_साइज=१एमआयबी
व्हॉल_फ्लॅग्ज=ऑटोरिसाइझ

डेटाला इमेज दिलेली नाही, म्हणजे ती कोरी जाईल. ऑटोरिसाइझमुळे पहिल्या अटॅचच्या वेळी उरलेली सगळी जागा ती व्यापेल. हा फ्लॅग एकाच व्हॉल्यूमला देता येतो. मग:

यूबीआयनाइझ -ओ फ्लॅश.यूबीआय -एम २०४८ -पी १२८केआयबी -एस २०४८ यूबीआयनाइझ.सीएफजी

'-एस' ला २०४८ दिलं, कारण आपल्याकडे सब-पेज नाही. असतं तर इथे ५१२ आणि वर '-ई' ला १२९०२४.

आता दोन फाइली झाल्या. 'फ्लॅश.यूबीआय' ही थेट एमटीडी पार्टिशनवर जाते. 'रूटएफएस.यूबीआयएफएस' ही आधीच तयार असलेल्या व्हॉल्यूममध्ये, यूबीआयअपडेटव्हॉलने. यांची अदलाबदल केली की काहीच चालत नाही, आणि येणाऱ्या चुकीच्या संदेशावरून कारण कळतही नाही.

सहावी पायरी: फ्लॅश करा

लिनक्समधून करायचं तर आधी पार्टिशन यूबीआयडिटॅचने सोडवा आणि मग:

यूबीआयफॉरमॅट /डेव्ह/एमटीडी२ -एफ फ्लॅश.यूबीआय

इथला '-एफ' लहान लिपीतला. फ्लॅश_इरेज आणि नँडराइट ही जोडी वापरूनही बाइट पोचतात, पण यूबीआयफॉरमॅट प्रत्येक ब्लॉकचा पुसण्याचा जुना आकडा जपतो आणि फ्लॅश_इरेज तो घालवतो. डीडीचं तर नावही काढू नका.

मोठ्या '-एफ' चं कारण असं. इमेजमधल्या ब्लॉकांच्या शेवटी बरीच पेजं नुसत्या एफएफ बाइटांची असतात. आपल्या नजरेला ती कोरी दिसतात. पण साध्या प्रोग्रामरने ती 'लिहिली' तर सोबत ईसीसीचे बाइटही लिहिले जातात, म्हणजे पेज आता कोरं राहिलेलं नाही. नंतर यूबीआयएफएस ते कोरं समजून त्यावर लिहिते, जुन्या ईसीसीवर नवं ईसीसी चढतं आणि ते पेज वाचता येत नाही. बोर्ड पहिल्यांदा छान बूट होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कोसळतो, तो यामुळे. यूबीआयफॉरमॅट अशी पेजं सोडून देतो. यू-बूटमध्ये 'नँड राइट.ट्रिमएफएफएस' हेच करतो. कारखान्यातला प्रोग्रामर काय करतो याची खात्री नसेल, तर मोठा '-एफ' देऊन ठेवावा. मग पहिल्या माउंटच्या वेळी यूबीआयएफएस ती मोकळी जागा स्वतःच नीट करून घेते. पहिलं माउंट थोडं लांबतं, एवढंच.

यू-बूटच्या बूटआर्ग्जमध्ये (कर्नलला दिल्या जाणाऱ्या ओळीत) हे घाला:

यूबीआय.एमटीडी=२ रूट=यूबीआय०:रूटएफएस रूटएफएसटाइप=यूबीआयएफएस

'एलईबी साइज मिसमॅच' असा संदेश येऊन १२९०२४ आणि १२६९७६ हे दोन्ही आकडे दिसले, तर एमकेएफएसचा '-ई' चुकला आहे. अटॅचच्याच वेळी व्हीआयडी हेडरच्या जागेवरून तक्रार आली तर यूबीआयनाइझचा '-एस' बघा.

सातवी पायरी: वीज तोडा

बूट झालं म्हणजे काम झालं असं नाही. बोर्ड सतत काहीतरी लिहीत असताना रिलेने त्याची वीज पुन्हा पुन्हा तोडा, रात्रभर. यूबीआयएफएस स्वतः यातून तरून जाते. बहुधा तुमचं ॲप्लिकेशन बुडतं. यूबीआयएफएस लिहिलेलं लगेच फ्लॅशवर नेत नाही, काही काळ मेमरीत ठेवते. त्यामुळे सेटिंग्जची फाइल उघडून तिच्यावरच लिहिणारा प्रोग्राम वीज गेल्यावर शून्य बाइटची फाइल मागे सोडतो. क्रम असा ठेवा: तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहा, एफसिंक करा, त्याचा परतावा तपासा, आणि मगच जुन्या नावावर रीनेम करा. वीज कधीही गेली तरी जुनी नाहीतर नवी, दोन्हींपैकी एक फाइल पूर्ण मिळते.

डीएफ दाखवतं ती मोकळी जागा अंदाजाची असते, कारण डेटा कॉम्प्रेस होऊन किती होईल हे आधी कळत नाही. त्या आकड्यावर ॲप्लिकेशनचा कुठलाही निर्णय टांगू नका.

बोर्ड वर्षानुवर्षं चालणार असेल तर '/सिस/क्लास/यूबीआय/यूबीआय०' मधल्या मॅक्स_ईसी, बॅड_पीईबी_काउंट आणि रिझर्व्ह्ड_फॉर_बॅड या तीन फाइली अधूनमधून नोंदवत जा. शेवटची शून्यावर आली की बदली ब्लॉक संपले. उलटलेले बिट फक्त वाचतानाच लक्षात येतात. ८ बिटांच्या ईसीसीत एका तुकड्यात ६ बिट दुरुस्त करावे लागले की एमटीडी इशारा देतो आणि यूबीआय तो ब्लॉक दुसरीकडे हलवतो. पण जी फाइल कधीच वाचली जात नाही, तिच्याबाबत हा इशारा येणार कुठून? म्हणून काही आठवड्यांतून एकदा '/डेव्ह/यूबीआय०_०' आणि '/डेव्ह/यूबीआय०_१' कॅट करून '/डेव्ह/नल' मध्ये ओतणारं काम क्रॉनमध्ये टाका. लिहायचं काही नाही, फक्त सगळं एकदा वाचायचं. बिघडत चाललेले ब्लॉक यूबीआय स्वतः हलवतो.